चार बोटांचा पाव

डोंबिवलीत थंडी पडते यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. आमचाही फारसा नसतो. त्यामुळे जानेवारीत दोन-चार दिवस ती खरोखर पडली की सगळ्यांची धांदल उडते. कपाटाच्या वरच्या फळीवरून स्वेटर खाली येतात, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास असतो, आणि दूध आणायला उतरलेली माणसं कानटोप्या घालून एकमेकांना "काय थंडी आहे हो!" असं बजावत असतात. फोनमध्ये बघावं तर सोळा अंश. मनालीला जाऊन आलेली मंडळी त्यावर हसतात, पण स्वेटर तीही घालतात.

गेल्या जानेवारीतल्या अशाच एका शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा सॉसेजचं सूप केलं आणि पहिल्यांदाच घरी पाव भाजला. हौस म्हणून नाही. मी हौसेने स्वयंपाक करणारी बाई नव्हेच. सत्तावीस वर्षं ठाण्यातलं ऑफिस सांभाळून दोन वेळचं रांधलं, त्यात जी काय हौस होती ती फिटली. त्या दिवशी मी जे केलं ते नवऱ्याच्या नाकात पुन्हा नळी जाऊ नये म्हणून केलं.

नवऱ्याला डिसेंबरात न्यूमोनिया झाला. साधा खोकला म्हणून त्याने आठवडाभर अंगावर काढला. हा आमच्याकडचा पुरुषी पराक्रम. मग एका संध्याकाळी त्याचे ओठ निळसर दिसायला लागले आणि आमची वरात हॉस्पिटलात पोचली. बारा दिवस तिथे, त्यातले सहा आयसीयूत. नाकातून पोटात एक नळी घातली होती आणि तिच्यातून पातळ, पांढरं काहीतरी सोडत असत. शुद्धीवर आल्यावर त्याने ती दोनदा उपसून काढली, म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले. एमआयडीसीतल्या पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं ज्या हातांनी मशिनं बसवली, ते हात पट्ट्यांनी बांधलेले मी काचेतून पाहिले. घरी आल्यावर तो त्याबद्दल एकदाच बोलला. "बाकी काहीही कर," म्हणाला, "पण पुन्हा नळी नको."

घरी आणला तेव्हा अकरा किलो उतरला होता. ताप गेला होता, छातीही बऱ्यापैकी मोकळी झाली होती, पण अन्नावरची वासनाच उडाली होती. मऊ भात, मुगाचं कढण, नाचणीचं सत्त्व, शिंगाड्याची लापशी, सगळं करून झालं. दोन चमचे घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. "ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं सगळं." माझ्या सासूबाई बेऐंशी वर्षांच्या. त्या वाटी घेऊन पलंगाशी बसायच्या आणि छप्पन्न वर्षांच्या मुलाला "हा घास चिऊचा, हा काऊचा" करायच्या. त्यांचं मन मोडू नये म्हणून तो चार घास गिळायचा आणि त्या उठून गेल्या की बाथरूमकडे धावायचा. त्यांना ते कळू नये म्हणून मी नळ मोठा सोडून ठेवायची.

त्या शुक्रवारी डॉक्टरांकडे वजन केलं. आणखी दीड किलो कमी. डॉक्टर तरुण होते, गोड बोलून वेळ घालवणारे नव्हते. "सोमवारी परत या," ते म्हणाले. "तोवर वजन थांबलं तर ठीक. आणखी उतरलं तर ॲडमिट करून नळीनेच खायला घालावं लागेल. पोटात काही गेलं नाही तर फुप्फुस भरून कसं येणार?" नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसले आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे चिडून, विचारलं, "अरे, तुला नक्की काय खावंसं वाटतंय ते तरी सांग. काहीही सांग. आकाशातलं सांग." तो मग छताकडे बघत हळूच म्हणाला, "ते सूप. सॉसेजचं. तिकडचं."

तिकडचं म्हणजे जर्मनीतलं. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा कारखान्याने त्याला आठ महिन्यांसाठी तिकडच्या एका लहानशा गावात पाठवलं होतं. ज्या म्हाताऱ्या बाईच्या घरात तो भाड्याने राहत होता, ती थंडीत दर शनिवारी अख्ख्या मसुराचं दाट सूप करायची. त्यात बटाटा, गाजर आणि सॉसेजचे तुकडे. सोबत घरी भाजलेला पाव. बाहेर बर्फ, आत कामावरून गारठून आलेला हा, आणि समोर वाफाळता वाडगा. हे सगळं त्याने मला परत आल्यावर सांगितलं होतं, दार लावून. कारण आईला फोनवर तो काय सांगायचा? "ब्रेड आणि भाजीचं सूप खातो." सासूबाईंनी अख्ख्या सोसायटीला ऐकवलं होतं की आमचा मुलगा परदेशात राहिला, पण कशाला शिवला नाही. तो परत आला तेव्हा चांगला गुबगुबीत झाला होता. त्याचं श्रेय त्यांनी तिकडच्या दुधाला दिलं.

आमच्या घरात मांस-मच्छी येत नाही. मी ठाण्याच्या कोपरीची, मासे खाणाऱ्या घरातली. लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी सांगितलं होतं, "बाहेर काय ते खा, माझं काही म्हणणं नाही. फक्त या ओट्यावर नको. इथे देव आहेत." देव्हारा स्वयंपाकघरातच आहे, ओट्याच्या समोरच्या भिंतीला. मी हो म्हटलं आणि ते पाळलं. माहेरी जाऊन बोंबील-सुरमई हाणायची आणि बडीशेप चघळत परत यायचं, असं सत्तावीस वर्षं चाललं आहे. त्यांना वास येत नसेल असं नाही, पण त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही कधी सांगितलं नाही.

तर नवरा "सॉसेजचं सूप" म्हणाला तेव्हा सासूबाई दारातच होत्या. पण त्यांचे कान बेऐंशी वर्षांचे. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"सॉसचं सूप? अगं, मग एवढं काय त्यात? सॉसची बाटली आहे की फ्रिजमध्ये! टोमॅटो घाल दोन, साखर घाल चिमूटभर..."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "हो आई, सॉसचंच. उद्या करते."

थोड्या वेळाने त्या पुण्याच्या भाचीला फोनवर उत्साहाने सांगताना मी ऐकलं, "त्याने आज तोंडाने मागितलं हो! सॉसचं सूप हवं म्हणाला." मला लाज वाटली. पण सोमवार डोक्यावर होता. मी गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि कोपरीला धाकट्या भावाला फोन लावला.

शनिवारी सकाळी साडेसातलाच मैदा परातीत घेतला. पावाची रीत फोनवर तीनदा बघून झाली होती. यीस्ट कोमट पाण्यात फसफसलं, मैदा मळला, तेलाचा हात लावून छान तुकतुकीत गोळा केला. व्हिडिओतली बाई म्हणाली होती की तासाभरात दुप्पट होईल. तासाभराने बघते तर जसाच्या तसा. थंडी! तेव्हा मला सासूबाईंची विरजणाची युक्ती आठवली. थंडीत दही लागेना की त्या भांडं फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतात. डब्यात परात मावेना, म्हणून मी गोळा मोठ्या वाडग्यात घातला, वर ताट झाकलं, नवऱ्याचा राखाडी लोकरीचा मफलर भोवती घट्ट गुंडाळला आणि वाडगा हॉलमध्ये टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवला. तो डबा दिवसरात्र गरम असतो, आणि इतकी वर्षं त्याचा दुसरा काही उपयोग झालेला नव्हता.

दहाच्या सुमाराला ताट उचलून पाहिलं, तर गोळा वाडग्याच्या काठापर्यंत आला होता. पांढरा, गुळगुळीत, टम्म. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला हाक मारून सांगितलं. ताट बाजूला ठेवून मफलरचंच टोक वरून टाकलं. तेवढ्यात भावाचा फोन आला, "ताई, खाली आलोय. उतर."

भाऊ माणकोलीच्या पुलावरून स्कूटर हाणत आला होता, नाक लालबुंद. पाकीट त्याने वर्तमानपत्राच्या तीन थरांत बांधून, वर साडीच्या दुकानाची पिशवी घातली होती. आमच्याकडे ही बांधाबांध पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे.

"सकाळीच गेलेलो," तो म्हणाला. "चिकनचे घेतलेत, स्मोक्ड. डुकराचे पण होते, पण म्हटलं तुझ्या सासूला नको ॲडमिट करायला." मग हसू आवरून म्हणाला, "भाऊजी खातील ना गं?"

"खाल्लं नाही तर सोमवारी नळी," मी म्हटलं. तो माझ्या डोक्यावर टपली मारून निघून गेला.

मी पिशवी पोटाशी धरून वर आले, आणि हॉलमध्ये पाऊल टाकते तर सासूबाई टीव्हीसमोर उभ्या. मफलर खुर्चीवर. त्यांचा उजवा हात वाडग्यात, पार मनगटापर्यंत. टम्म फुगलेला माझा गोळा फुस्सकन खाली बसलेला, आणि त्यात चार बोटांचे खोल खड्डे. एका जागी नाही, चार-पाच जागी.

माझा राग नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी तो नाकावरून थेट टाळूत गेला. महिनाभराचं जागरण, हॉस्पिटल, ते नळ मोठे सोडून उभं राहणं, सगळं एकदम बाहेर पडलं. मी म्हणाले, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत हात घालायलाच हवा का? एक गोष्ट मला माझ्या पद्धतीने करू द्याल का या घरात? तीन तास राबतेय मी त्याच्यासाठी! तुम्ही चिऊ-काऊ करत बसता आणि तो जाऊन ओकतो, माहिती आहे तुम्हाला?"

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ते बोलल्याबरोबर मला कळलं.

सासूबाई हात तसाच धरून उभ्या होत्या, बोटांना पीठ चिकटलेलं. चिडल्या नाहीत. अगदी हळू म्हणाल्या, "घरात आजारी माणूस आहे गं. असा पांढरा, गुळगुळीत गोळा... आणि त्याच्यावर त्याचाच मफलर. मला बघवेना."

कणीक मळून झाली की गोळा तसाच गुळगुळीत ठेवायचा नाही, त्यावर बोटं दाबून खुणा करायच्या, हे मलाही लहानपणीच आईने शिकवलेलं. कारण तसा गोळा पिंडासारखा दिसतो, आणि पिंड गेलेल्या माणसासाठी असतो. जिवंत माणसांच्या घरात तो दिसू नये. रोज कणीक मळली की माझा हात आपोआप ती खूण करतो, मनात काहीही नसताना. पण हा मैदा होता, पाव होता, व्हिडिओतल्या बाईने शिकवलेला होता. मला ते सुचलंच नाही. आणि मी तो गोळा नवऱ्याच्याच कपड्यात गुंडाळून हॉलमध्ये मांडून ठेवला होता.

गेला महिनाभर मी बघत होते की रोज सकाळी कणकेवर मी केलेल्या खुणांवर आणखी खुणा असायच्या. मला वाटायचं, म्हातारीला माझं काहीच पटत नाही, बोटं दाबण्यातसुद्धा माझी चूक काढते. ती बाई रोज उठून आपल्या मुलाचं मरण बोटांनी मोडून काढत होती, आणि मी मनात तिच्या नावाने खडे फोडत होते.

"आई, चुकले मी," मी म्हटलं. सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी त्यांना किती वेळा म्हटलं असेल? एका हाताच्या बोटांवर मोजावं इतकंच, आणि त्यातलंही निम्मं वरवरचं. या वेळी मात्र ते आतून आलं.

त्यांनी पदराने हात पुसला. "ओकतो ते मला ठाऊक आहे," म्हणाल्या. "नळाच्या आवाजाने काय लपतंय? पण मी घास भरवते तेवढा वेळ तो माझ्याकडे बघतो. म्हणून भरवते." मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून विचारलं, "हे काय आणलंस?"

आता खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्यावर वर्तमानपत्र सोडलं आणि पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. गुलाबी, बोटाएवढाली सॉसेज, बर्फ धरलेली. त्या वाकून बघायला लागल्या. "गाजरं आहेत?"

"नाही आई. हेच सॉसेज. कोंबडीच्या मांसाचं असतं. तो सॉसचं सूप म्हणाला नव्हता, सॉसेजचं म्हणाला होता. जर्मनीत असताना तो हेच खायचा."

"हेच?"

"हो."

"आठही महिने?"

"दर शनिवारी," मी म्हटलं. आता रडणं होईल, नाहीतर अबोला, अशी मी मनाची तयारी केली. वाकलेल्या सासूबाई सरळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा तब्येत छान झाली होती त्याची."

एवढंच. त्या देव्हाऱ्याकडे वळल्या, तांब्याचं ताम्हन घेतलं आणि त्यात एकेक देव काढून ठेवायला लागल्या. आधी गणपती, मग अन्नपूर्णा, मग बाळकृष्ण. मी विचारलं, "आई, हे काय करताय?"

"गॅलरीत नेते. थंडी किती आहे! जरा उन्हात बसू देत त्यांनाही."

ताम्हन दोन्ही हातांत धरून त्या बाहेर निघाल्या. जाता जाता माझ्या समोरच्या पातेल्याकडे त्यांची नजर गेली. ते जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं मी मुद्दाम काढलं होतं, केसांची मेंदी भिजवायचं, म्हणजे घरातलं भांडं बाटायला नको. त्या थांबल्या. "मेंदीच्या पातेल्यात आजारी माणसाचं करतेस? डोकं ठिकाणावर आहे का?" ताम्हन टेबलावर ठेवून त्यांनी खालच्या कप्प्यातून स्वतःचं स्टीलचं पातेलं काढून दिलं, लग्नात मिळालेलं, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. "यात कर. नंतर मात्र ते वेगळं ठेव," असं बजावून त्या देवांना घेऊन गॅलरीत गेल्या. मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं.

मग मी कामाला लागले. कांदा, लसूण बारीक चिरून तेलावर परतला. सॉसेजचे गोल काप करून त्यात टाकले. ते चुरचुरायला लागले आणि धुरकट, खमंग वास सुटला. या ओट्यावरून असा वास कधीच उठला नव्हता. माझा हात क्षणभर थांबला. मग वाटलं, आता देवही बाहेर आहेत आणि देवांची राखणदारही. गाजर, बटाटा, रात्री भिजत घातलेला अख्खा मसूर, दोन तमालपत्रं, चार मिरे, आणि पाणी. हवा तो जर्मन पाला मिळणार नव्हताच, म्हणून कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या. झाकण ठेवून मंद आचेवर शिजू दिलं. खरं सांगायचं तर ती मसुराची आमटीच होती, फक्त फोडणी सातासमुद्रापलीकडची.

पावाचं काय करायचं हा प्रश्न होताच. पुन्हा मळून गोळा करण्याचा मला धीर होईना. खड्ड्यांसकटच तो मैदा तेल लावलेल्या पसरट ट्रेमध्ये अलगद उतरवला, अर्धा तास शेगडीजवळ ठेवला आणि ओव्हनमध्ये सरकवला. त्याने आपल्या परीने पुन्हा थोडी उसळी घेतली, पण बोटांच्या जागा राहिल्या. भाजून निघाला तो चौकोनी, बुटका, वर खळ्या पडलेला, कडा लालसर. गरम असतानाच मी त्यावर लोणी फिरवलं, ते सगळं त्या खळ्यांत जाऊन बसलं. व्हिडिओतल्या पावाशी त्याचं काही नातं नव्हतं. पण वास मात्र असा की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून विचारलं, "काय करताय हो आज?"

साडेबाराला मी नवऱ्याला उशा लावून बसवलं. वाडगा त्याच्या मांडीवर नको म्हणून स्टुलावर ठेवला. त्याने वाकून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. घाबरून हळूच म्हणाला, "अगं, आई?"

"आईंना माहीत आहे. त्यांचंच पातेलं आहे."

त्याचा विश्वास बसला नसावा. पण त्याने चमचा उचलला. एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला. त्याने गिळलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "मीठ कमी आहे."

महिन्याभरात त्याने कशालाच मीठ कमी की जास्त म्हटलं नव्हतं, कारण त्याला चवच नव्हती. मी मिठाची बरणी आणायला इतकी धावले की चौकटीला कोपर आपटलं. मीठ घातलं. दुसरा चमचा, तिसरा. मग पावाचा तुकडा मोडून त्याने सुपात बुडवला. सातव्या चमच्यानंतर मी मोजणं सोडून दिलं. एक सॉसेजचा काप त्याने बाजूला काढून ठेवला, मला वाटलं आता नको झालं, तर म्हणाला, "तो शेवटी खाणार." लहान मुलं आवडीचं शेवटी ठेवतात, तसा.

सासूबाई दाराबाहेर उभ्या होत्या. पदर नाकाला लावलेला, पण डोळे आत. त्या खोलीत आल्या नाहीत, आणि हलल्याही नाहीत.

सोमवारचं आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. काटा उतरला नाही. दोनशे ग्रॅम वरच होता. डॉक्टर म्हणाले, "असंच चालू राहू दे," आणि नळीचं नाव पुन्हा निघालं नाही. आता तो पूर्वीसारखा जेवतो आणि पूर्वीसारखी नावंही ठेवतो, आणि मी ती ऐकून घेते. देवाचे, डॉक्टरांचे, भावाचे, त्या अनोळखी जर्मन म्हातारीचेही आभार मानते. ती आज असेल-नसेल, पण तिने एका परक्या पोराला पंचवीस वर्षांपूर्वी जे प्रेमाने वाढलं ते माझ्या घरी त्याला पुरलं.

पण त्या शनिवारचं थोडं राहिलं आहे. वाडगा संपवून तो आडवा झाला. मी बाथरूमच्या दाराकडे कान लावून तिथेच बसून राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तो उठला नाही. त्याला झोप लागली होती, आणि घोरण्याचा आवाज यायला लागला. मी वाडगा उचलायला वाकले तर माझ्याआधी एक हात पुढे आला. सासूबाई आत आल्या होत्या. ज्या बाईने घरात कधी अंडं येऊ दिलं नाही, तिने तो उष्टा, तेलकट वाडगा दोन्ही हातांनी उचलला, खिडकीच्या उजेडात नेला आणि तिरका करून आत बघितलं. बोटाने कड पुसली. तळाशी काही राहिलं नव्हतं.

"संपवलं गं त्याने," त्या म्हणाल्या. "सगळं संपवलं."

मी त्यांच्या हातातून वाडगा घ्यायला गेले, तर त्यांनी तो सोडला नाही. तसाच छातीशी धरून, तेलाचे डाग पातळावर पडत असताना त्या म्हणाल्या, "माझ्या हातून हे झालं नसतं. मी त्याला मुगाचं कढणच भरवत बसले असते शेवटपर्यंत. तू होतीस म्हणून माझं पोर जेवलं."

मी त्यांच्या हातांवर हात ठेवले, आणि आम्ही दोघी तो रिकामा वाडगा धरून तिथेच उभ्या राहिलो.